घरगुती कामासाठी सर्क्युलर सॉ: वायरची घ्यावी, बॅटरीची घ्यावी, की घ्यावीच कशाला?

पर्वरीचा घरमालक (धागा सुरू करणारा)

ज्याच्या हातात वर्षातून चार-पाच वेळाच करवत येते, त्याने कोणती सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) घ्यावी, यावर महिनाभर विचार करून मी एका मतापर्यंत आलो आहे. ते येथे मांडतो. त्यावर टीका व्हावी हीच अपेक्षा आहे. माझ्यापुढची कामे साधी आहेत. पुस्तकांचे एक कपाट, स्वयंपाकघरातली दोन फडताळे, पावसाने कुजलेली एक खिडकीची झडप, आणि वाळवीने खाल्लेली माटोळीची (गोव्यात गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगतात तिची) चौकट, जी चतुर्थीपूर्वी नवी झालीच पाहिजे.

माझे मत असे की, घरगुती माणसाने वायरवर चालणारी, १८५ मिलिमीटर पात्याची, साधारण १२०० वॅटची सॉ घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या ब्लेडवर खर्च करावेत. या आकाराचे पाते सरळ कापताना साधारण ६५ मिलिमीटर आणि ४५ अंशांत तिरके कापताना साधारण ४५ मिलिमीटर खोल जाते. म्हणजे १८ मिलिमीटरच्या प्लायवूडपासून छपराच्या वाशापर्यंत बहुतेक सर्व कामे तीत बसतात. मशीनबरोबर जे ब्लेड मिळते ते बहुधा २४ दातांचे असते. त्याने लाकूड झपाट्याने कापले जाते, पण प्लायची कड कुरतडल्यासारखी दिसते. प्लायसाठी ४० दातांचे आणि सनमायका लावलेल्या फळीसाठी ६० दातांचे ब्लेड घेतले, तर मध्यम मशीनही स्वच्छ काप देते. उलट बोथट ब्लेड लावलेली महागडी मशीन लाकूड जाळते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. हातातल्या सर्क्युलर सॉचे दात लाकडात खालून वर येतात, त्यामुळे कपच्या वरच्या बाजूने उडतात. म्हणून फळीची दर्शनी बाजू खाली ठेवून कापायचे असते. मी पहिले फडताळ नेमके उलटे कापले आणि आता ती कड भिंतीकडे वळवून ठेवली आहे.

विकत घेताना वॅटपेक्षा तळपट्टी, म्हणजे मशीन फळीवर टेकते तो तळ, पाहावी. पत्र्याची पातळ तळपट्टी एकदा आपटली की वाकते, आणि मग कितीही रेष आखली तरी काप गुण्यात, म्हणजे काटकोनात, येत नाही. आपल्या खाऱ्या हवेत तिला गंजही लवकर धरतो, म्हणून ओतीव ॲल्युमिनियमची तळपट्टी मला जास्त योग्य वाटते.

म्हापशाचा जिगसॉवाला

आपण मशीनची निवड फार बारकाईने केली आहे, परंतु तिची गरज मात्र गृहीत धरली आहे. आठ बाय चारचा १८ मिलिमीटर प्लाय तीस किलोच्या आसपास भरतो. तो एकट्याने उचलणे, टेकवणे आणि सरळ रेषेत कापणे हेच घरगुती माणसाचे खरे संकट असते, आणि ते सॉ घेतल्याने सुटत नाही. आपल्याकडे प्लाय विकणाऱ्या अनेक दुकानांत पॅनल सॉवर (मोठ्या फळ्या कापायच्या यंत्रावर) मापाप्रमाणे कापून मिळते. कागदावर मापे नीट लिहून दिली, तर चौदा तुकडे काटकोनात कापून घरी येतात आणि ते दुचाकीच्या डिकीत नसले तरी रिक्षात बसतात. उरलेले काम, म्हणजे नळासाठी खाच, कोपऱ्याचा गोलावा किंवा पट्टीचा तुकडा, हे सगळे जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद पात्याची करवत, करते, आणि जिगसॉ बोटांच्या बाबतीत बरीच दयाळू असते.

माटोळीच्या चौकटीला तर साधी हातकरवत पुरते. चार रिपा आणि आठ काप यांसाठी १२०० वॅटची मशीन म्हणजे उंदरासाठी तोफ आहे.

पर्वरीचा घरमालक

दुकानातून कापून घेण्याचा मार्ग मी आधीच चालून आलो आहे. नाव घेत नाही, पण एका दुकानाने दिलेल्या कपाटाच्या दोन बाजूंच्या उंचीत सहा मिलिमीटरचा फरक निघाला, आणि तो माझ्या लक्षात आला तेव्हा कपाट अर्धे जोडून झाले होते. सहा मिलिमीटर कापून टाकायला घरी सॉ नसेल, तर पुन्हा तीच फळी घेऊन तेच दुकान गाठावे लागते. जिगसॉचे पाते अरुंद असते आणि जाड प्लायमध्ये ते खालच्या बाजूने भरकटते, त्यामुळे लांब सरळ काप तिच्याकडून मागणे हा तिच्यावर अन्याय आहे. माटोळीविषयी मात्र आपले म्हणणे मान्य आहे.

सांगेचा बागायतदार

माझा विरोध वायरला आहे. पर्वरीत बसून वायरची शिफारस करणे सोपे आहे. आमच्याकडे पावसाचा पहिला जोर आला की वीज जाते, आणि ज्या दिवशी वीज जाते त्याच दिवशी बहुधा छपराची रीप मोडलेली असते. कौलारू घर असलेल्या माणसाला करवत टेबलावर लागत नाही, शिडीवर लागते. तेथे खालून ओढलेली वायर पायात येते, कौलांच्या कडेवर घासते, आणि ओल्या अंगणातून गेलेली असेल तर तिच्याकडे पाहूनच काळजी वाटते.

मी तीन वर्षांपासून १८ व्होल्टची, १६५ मिलिमीटर पात्याची बॅटरीची सॉ वापरतो. ती सरळ कापताना ५५ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि माझ्या कामाला तेवढे पुरते. हीच बॅटरी माझ्या ड्रिलला आणि गवत कापायच्या यंत्राला लागते. त्यामुळे नुसती मशीन, बॅटरीशिवाय, घेतली तर हिशेब आपण समजता तितका वाईट राहत नाही. घरात आधीच कोणत्या कंपनीच्या बॅटऱ्या आहेत, हा प्रश्न आपण विचारलाच नाही, आणि माझ्या मते निवड तेथूनच सुरू झाली पाहिजे.

मर्यादाही प्रामाणिकपणे सांगतो. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-तास. सॉ सरासरी ६०० वॅट ओढत असेल, तर प्रत्यक्ष कापण्याचा वेळ नऊ मिनिटे होतो. चार-पाच रिपा कापायला तो भरपूर आहे. परंतु ऐनाची, म्हणजे आपल्या मॅटीची, जाड फळी उभी चिरायला घेतली की मशीन दमते आणि बॅटरी तापते. माडाच्या लाकडाचा बाहेरचा थर तर ब्लेडची धारच खातो, मग मशीन वायरची असो वा बॅटरीची.

पर्वरीचा घरमालक

शिडीवरच्या कामाचा मुद्दा निर्विवाद आहे. माझ्या डोक्यावर स्लॅब असल्याने तो मला सुचला नाही. पण वर्षात चारदा वापरणाऱ्याची बॅटरी कपाटात पडून म्हातारी होते, वायर होत नाही. ज्याच्याकडे त्या कुळातले दुसरे एकही यंत्र नाही, त्याला मी अजूनही वायरचीच सॉ सांगेन. तिच्यासाठी १.५ चौरस मिलिमीटर तारेचा एक्स्टेंशन बोर्ड घ्यावा, तो पूर्ण उलगडून वापरावा, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते, आणि ज्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आहे त्याच सर्किटवर तो लावावा.

मेस्ताचा मुलगा

येथे सगळे १८५ आणि १६५ मोजत आहेत, परंतु ज्यांचे पोट या कामावर चालते त्यांच्या हातात काय असते हे कोणीच सांगितले नाही. माझे वडील मेस्त, म्हणजे सुतार, आहेत. घरोघरी फर्निचरच्या कामावर जाणारे बहुतेक कारागीर चार इंची मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड लावून प्लाय कापतात, आणि माझे वडीलही तेच करतात. मशीन हलकी असते, एका हातात मावते, स्वस्त असते, आणि तिचे सुटे भाग गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. ११० मिलिमीटरचे पाते तीस-बत्तीस मिलिमीटर खोल जाते आणि प्लायला त्याहून अधिक लागत नाही. ज्याला वर्षातून चार काप घ्यायचे आहेत त्याने कारागिराहून मोठी मशीन का घ्यावी, हे मला खरोखर समजलेले नाही. पाते जितके लहान तितका, पाते अडकून मशीन मागे उसळण्याचा, झटका कमी, हे तर साधे आहे.

मडगावची शिक्षिका

हे साधे वाटते, पण ते बरोबर नाही, आणि येथे आकडेमोड केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो, तर १८५ मिलिमीटरची सॉ पाच हजारांच्या आसपास. पात्याचा परीघ फेऱ्यांनी गुणला, तर कटरच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर येतो आणि मोठ्या सॉच्या दाताचा सुमारे ४८ मीटर. म्हणजे लहान पात्याचा दात दीडपट वेगाने फिरतो. ज्यांना हा पर्याय वापरायचाच आहे, त्यांनी निदान ब्लेडवर छापलेली कमाल गती मशीनच्या गतीहून अधिक आहे की नाही, हे पाहावे.

तथापि माझा मुख्य आक्षेप वेगाचा नाही, झाकणाचा आहे. सर्क्युलर सॉचे खालचे झाकण काप सुरू होताच मागे सरकते आणि मशीन उचलताच स्प्रिंगने पात्यावर परत येते. मार्बल कटरचे झाकण स्थिर असते, कारण ते यंत्र दगड आणि लादी यांसाठी बनवले आहे आणि त्याच्या डायमंड चकतीला दात नसतात. अनेक कटरांचे बटण दाबून अडकवता येते. असे बटण अडकलेले असताना मशीन हातातून सुटली, तर उघडे दात फिरत फिरत जमिनीवरून धावतात. आपल्या वडिलांच्या हाताला तीस वर्षांची सवय असेल. ती सवय दुकानात मशीनबरोबर मिळत नाही. ग्राइंडरला दातांचे ब्लेड लावणाऱ्यांविषयी तर मी बोलतच नाही, कारण ते यंत्र दातांच्या पात्यासाठी केलेलेच नाही.

मी हे शहाणपणाने सांगत नसून घाबरून शिकल्यामुळे सांगते आहे. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी घराच्या मागे पडलेली मॅटीची जुनी फळी आडवी कापायला घेतली होती. फळी दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवली होती आणि मधे आधार नव्हता. पाते अर्ध्यावर पोहोचले तेव्हा फळी मधोमध खाली वाकली, काप वरून मिटला, त्याने पाते दोन्ही बाजूंनी चिमटले, आणि मशीन उलटी उसळून माझ्याकडे आली. मी रेषेच्या बाजूला उभी होते, थेट मागे नव्हते, एवढ्यानेच वाचले. मशीन मागच्या भिंतीवर आपटली आणि गिलाव्यात आजही तिची खूण आहे. चूक सर्वस्वी माझी होती. आता मी फळी अंथरलेल्या थर्माकोलवर सपाट ठेवते, पात्याची खोली फळीच्या जाडीहून चार-पाच मिलिमीटरच अधिक लावते, आणि लांब कापात मागे एक लाकडी पाचर सरकवते, म्हणजे काप मिटत नाही. सॉला पात्यामागे चिरपट्टी असेल तर हे काम तीच करते. म्हणून विकत घेताना वॅट आणि तळपट्टी यांच्या आधी मी झाकणाची स्प्रिंग आणि ही पट्टी पाहीन. धागा सुरू करणाऱ्यांनी दोन्हींचा उल्लेखही केला नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

आणखी एक, जे कोणालाच महत्त्वाचे वाटत नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग नक्की करणाऱ्यांत, १९९५ मध्येच घातला आहे. बंद खोलीत प्लाय कापताना मास्क न लावणाऱ्याने ब्लेडच्या दातांची चर्चा करू नये.

म्हापशाचा जिगसॉवाला

शिक्षिकाबाईंचा प्रसंग वाचल्यावर माझे मूळ मत अधिकच पक्के झाले. ज्या यंत्रासाठी थर्माकोल, पाचर, उभे राहण्याची जागा आणि मास्क एवढा संसार मांडावा लागतो, ते वर्षातून चारदा बाहेर काढताना प्रत्येक वेळी त्यातले काहीतरी विसरणारच. रोज वापरणाऱ्याच्या हाताला आठवते. आपल्याला आठवत नाही.

मडगावची शिक्षिका

विसरू नये म्हणून मी थर्माकोल आणि मशीन एकाच पेटीत ठेवते आणि पाचर दोरीने मशीनच्या मुठीला बांधली आहे. तरीही आपला मुद्दा मी नाकारत नाही. माझ्या बहिणीला मी सॉ घेऊ दिली नाही.

सांगेचा बागायतदार

विषय थोडा सोडतो. हातात धरायच्या सर्क्युलर सॉचा जन्म १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, आणि एडमंड मिशेल नावाच्या गृहस्थांना ती कल्पना कोयत्याने ऊस तोडणारे मजूर पाहून सुचली असे सांगतात. सांगेतही ऊस होतो आणि मजूर कोयताच चालवतात. आम्हाला मात्र पाहून घाम येण्यापलीकडे काही सुचले नाही.

मेस्ताचा मुलगा

वडिलांना वरची आकडेमोड वाचून दाखवली. कटर ते सोडणार नाहीत. पण त्यांनी एक सांगितले, जे मी आधी लिहायला हवे होते: ते कटर फक्त प्लायला वापरतात, साग, फणस, मॅटी यांची फळी उभी चिरायची असली की ते सरळ सॉ मिलवर नेतात. त्यामुळे नवख्याने कटर घ्यावा हे माझे वाक्य मी मागे घेतो. कारागीर चुकतात हे मात्र मान्य करत नाही.

पर्वरीचा घरमालक

चिरपट्टी आणि झाकण माझ्याकडून खरोखरच राहून गेले. आज हार्डवेअरच्या दुकानात तीन मशीनांची झाकणे बोटाने सरकवून पाहिली; एकाचे अर्ध्यावर अडकत होते आणि विक्रेता म्हणाला, वापरून सैल होईल. ती सोडून दुसरी ठरवली, १८५ मिलिमीटरची आणि वायरचीच. मोठा प्लाय मात्र दुकानातच दोन भागांत कापून घेईन, म्हणजे तीस किलोशी झोंबी नको. ४० दातांचे ब्लेड आजच घेतले आहे, मशीन शनिवारी मिळेल.

मेस्ताचा मुलगा

ब्लेडचे वेष्टन फोडू नका. १८५ मिलिमीटरच्या ब्लेडचे मधले भोक २० मिलिमीटरचेही असते, २५.४चेही आणि ३०चेही. मशीनचा दांडा कितीचा आहे ते शनिवारी मोजा. भोक मोठे निघाले तर नेमक्या मापाची कडी मिळते. लहान निघाले तर ब्लेड बदलूनच घ्यावे लागेल, आणि फोडलेले वेष्टन दुकानदार परत घेत नाही.