सेल्फी 'काढली' की 'घेतली'? आणि 'सेल्फ केअर'ला आपण काय म्हणतो?

मूळ प्रश्न (जळगाव)

अमळनेरला भाचीच्या कॉलेजचा वार्षिकांक निघतोय. तिचा लेख आहे सेल्फी, स्वतःच्या रूपाबद्दलचं मत आणि 'सेल्फ केअर' यांवर. मराठी शब्द विचारायला फोन आला. 'स्वछायाचित्र' सुचवलं, तर म्हणे, "मामा, हे आधार कार्डावरच्या फोटोसारखं वाटतं." खोटं नाही बोलली.

सेल्फी तर सेल्फीच राहू दे. पण ती काढली, काढला, की घेतली? आणि 'सेल्फ केअर'ला 'आत्मकाळजी' सोडून काहीही सुचवा. आत्मकाळजी हा शब्द वाचूनच मला काळजी वाटते.

धुळेकर

आमच्या पिढीत 'सेल्फी काढला', कारण फोटो काढला. पोरं म्हणतात 'काढली', कारण शेवटी ई. (तसं तर हत्तीच्या शेवटीही ई आहे, पण पोरांपुढे कोण बोलणार.) 'घेतली' हे हिंदीतून आलंय, 'सेल्फी ले ली' वरून.

मुळात ती 'ई' लाडाची. ऑस्ट्रेलियात बार्बेक्यूचं 'बार्बी' करतात तशातली. शब्दाचा सर्वांत जुना सापडलेला लेखी वापरही तिथलाच, २००२चा. २०१३ साली ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. माउली-साउलीच्या चालीवर आपण 'स्वतुली' करू शकलो असतो. नको, राहू दे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

'काढणे'च ठेवा, त्यात मजा आहे. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो, फोटो काढतो, दृष्टही काढतो. 'घेणे'त नुसतं क्लिक आहे. 'काढणे'त हाताचं काम आहे, आत होतं ते बाहेर आणणं आहे.

आमच्या गावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, उजेड-सावली जुळवून अख्खा देखावा उभा करत आणि मग त्याचा फोटो काढत. वर्षानुवर्षं घराबाहेर फारसे पडले नाहीत. त्यांचं काम पाहिलं की वाटतं, फोटोआधी मांडणी असते. आजची पोरगी खिडकीजवळ सरकते, हनुवटी खाली घेते, मागचा कपड्यांचा ढीग चौकटीबाहेर ढकलते, तीही मांडणीच. खोटेपणा म्हणून तिला झोडपायचं कारण नाही.

तापीकाठ

चित्रकारही आरशात बघूनच स्वतःला काढत, म्हणून डावं-उजवं उलटं होई. व्हॅन गॉगने कापला डावा कान. १८८९च्या चित्रांत पट्टी उजव्या कानावर दिसते ती यामुळेच. इतकं होऊनही दवाखान्यातून आल्यावर लगेच तो आरशासमोर बसला. त्याला काय म्हणायचं, सेल्फी की सेल्फ केअर?

फोनचंही तसंच. पुढचा कॅमेरा आधी आरशासारखी उलटी छबी दाखवतो आणि बऱ्याच फोनांत जतन होते ती सुलटी. मग आपल्यालाच आपलं तोंड वाकडं वाटतं. १९७७मध्ये अमेरिकेत यावर प्रयोग झाला होता. माणसांना स्वतःची आरशातली छबी जास्त आवडली आणि त्यांच्या जवळच्यांना सुलटी. म्हणजे तोंड वाकडं नसतं, सवय वेगळी असते. भाचीने हे लेखात जरूर घालावं.

मूळ प्रश्नकर्ता

घालतो. पण 'केअर' अजून लटकलेलाच आहे.

धुळेकर

'स्वतःची काळजी' चालेल की.

पुण्यात राहणारी, माहेर शिरपूर

चालेल, पण काळजी 'घेतात' आणि 'करतात'ही. पहिलीने माणूस सुधारतो, दुसरीने झोप उडते. शीर्षकात नुसतं 'काळजी' आलं तर कोणती, ते कळणार नाही.

माझं मत 'निगा'ला. शब्द फारसी 'निगाह'वरून आलाय. निगाह म्हणजे नजर, पाहणं. पाहता पाहता त्याचा अर्थ सांभाळणं झाला. देखभाल, देखरेख यांतही तेच, आधी देख. आणि अहिराणीत तर पाहणं म्हणजे देखनंच. सेल्फी आणि सेल्फ केअर हे दोन वेगळे विषय म्हणून लेख लिहिला जातोय, पण आपल्या भाषेने ते कधीच एका शब्दात ठेवलेत. स्वतःकडे कसं पाहता, यावर निगा राहते की नाही ते ठरतं.

आरशाचंही असंच आहे. 'आरसा' हा संस्कृत 'आदर्श'चाच झिजलेला अवतार. 'दर्पण' मात्र 'दृप्' धातूपासूनचा, दर्प, गर्व आणणारा. एकाच काचेला दोन नावं, दोन स्वभाव. फिल्टर लावून गोरं झालेलं तोंड कोणत्या काचेतलं, ते आपापलं ठरवा. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत सगळ्या स्कार्फ बांधून फक्त डोळ्यांची सेल्फी काढतात. तिथे फिल्टर बिचारा काय करणार!

धुळेकर

निगा केळीच्या बागेची राखतात, बैलाची राखतात. माणसाची?

पुण्यात राहणारी, माहेर शिरपूर

बाळंतिणीची राखत नाहीत? आणि केळीच्या बागेत रोज फेरी मारून पान पाहिल्याशिवाय निगा राहते का, ते रावेरकडच्या कुणालाही विचारा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात शृंगार करणारी राजकन्या आहे, हातात आरसा, बाजूला दासी. पाचव्या शतकातली. तिच्यासमोर लोक फ्लॅश बंद करून सेल्फी काढतात. ती आपल्या आरशात, हे आपल्या फोनमध्ये, मान दोघांचीही तिरकी. फोटो हवा असेल तर लेखासोबत तोच टाका.

मूळ प्रश्नकर्ता

निगा मंजूर, काढली मंजूर. आता घरची बातमी. भाचीने लेखासाठी काढलेली सेल्फी माझ्या आईला दाखवली. आई म्हणाली, "पोरी, जीवले जप. स्टेटसले नको ठेवू, नजर लागी जाई." आणि उठून मीठ-मोहरी आणायला गेली. दृष्ट भाचीची काढली की फोनची, ते अजून कळलं नाही. ओवाळताना फोन हातातच होता.