फुटबॉलच्या सरावाचे चित्रण करण्यासाठी कोणता ड्रोन घ्यावा?

प्रश्न : सहप्रशिक्षक_८

नमस्कार. आमच्या फुटबॉल संघाच्या सरावाचे वरून चित्रण करून ते खेळाडूंना दाखवावे, असा विचार चालू आहे. सध्या मैदानाच्या कडेला तिपाईवर कॅमेरा ठेवून काम भागवतो. पण जमिनीलगतच्या कॅमेऱ्यात एका खेळाडूमागे दुसरा झाकला जातो आणि बचावफळीतल्या चौघांमध्ये किती अंतर पडले, मधली फळी वेळेवर मागे आली की नाही, हे जे मुख्यत्वे दाखवायचे असते तेच दिसत नाही.

दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. एक म्हणजे २५० ग्रॅमच्या आतला डीजेआय मिनी ४ प्रो, आणि दुसरा म्हणजे दोन कॅमेऱ्यांचा, पण जवळपास तिप्पट वजनाचा एअर ३ किंवा एअर ३एस. सराव सुमारे दीड तास चालतो. तो बहुधा संध्याकाळी असतो आणि शेवटचा भाग दिव्यांखाली होतो. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी ड्रोन उडवलेला नाही. खेळाडूचा आपोआप पाठलाग करण्याची जी सोय या ड्रोनमध्ये असते, तिचा सांघिक खेळात कितपत उपयोग होतो, हेही जाणून घ्यायचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : उंचावरून

आपण मॉडेलपासून सुरुवात केली आहे. मी कॅमेरा हवेत नेमका कुठे उभा राहणार, इथून सुरुवात करेन, कारण ते एकदा ठरले की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

दोन्ही ड्रोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स २४ मिलिमीटरच्या समतुल्य, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी आहे. अशा लेन्समधून सरळ खाली पाहिले असता ड्रोन जितक्या उंचीवर असेल त्याच्या साधारण दीडपट रुंदीचा पट्टा चौकटीत मावतो, आणि व्हिडिओची चौकट आडवी असल्याने दुसऱ्या बाजूने उंचीच्या सुमारे ०.८४ पट जागा मिळते. १०५ गुणिले ६८ मीटरचे पूर्ण मैदान टिपायचे तर लांबीसाठी ७० मीटर उंची पुरते, पण रुंदीसाठी ८० मीटरच्या आसपास जावे लागते. त्या उंचीवर फोर-के चित्रात जमिनीवरच्या एका मीटरला सुमारे ३२ पिक्सेल येतात, म्हणजे खेळाडूचे खांदे जेमतेम १५ पिक्सेल रुंद दिसतात. संघाची रचना, दोन फळ्यांमधले अंतर, चेंडूच्या बाजूला झालेली सरक हे सारे त्यात स्वच्छ कळते. मात्र कोणता खेळाडू कोणता हे ओळखण्यासाठी बिब्सचे (सरावात अंगावर चढवायच्या रंगीत बंड्यांचे) रंग आणि जागा यांवरच भिस्त ठेवावी लागते. पाय चेंडूवर कसा पडला, शरीर कोणत्या बाजूला वळले होते, हे त्यात शोधू नये.

सरळ खाली पाहण्यापेक्षा मला तिरका कोन अधिक उपयोगी वाटतो, कारण खेळाडू स्वतःला वरून दिसणाऱ्या ठिपक्यात ओळखत नाहीत आणि चर्चेत त्यांचे मन लागत नाही. गोलरेषेच्या मागे सुमारे ४० मीटर आणि ३० मीटर उंचीवर ड्रोन स्थिर ठेवला, तर गोलरेषेजवळच मैदानाची पूर्ण रुंदी चौकटीत बसते, आणि कॅमेरा फार खाली झुकवला नाही तर समोरचे सबंध मैदानही दिसते. गोलजवळचा खेळाडू तेव्हा सुमारे ८० पिक्सेल उंच दिसतो, आणि मध्यरेषेजवळचा त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. बचावरेषा एका ओळीत आहे की नाही हे पाहायला याहून चांगली जागा नाही. अडचण एवढीच की गोलमागे ४० मीटर मोकळी जागा पुष्कळ मैदानांना नसते. तिथे झाडे, भिंत, रस्ता किंवा शेजारच्यांची घरे असतात, आणि आपल्या सरावाशी संबंध नसलेल्या लोकांच्या डोक्यावर ड्रोन उभा ठेवणे योग्य नव्हे. अनेक देशांच्या नियमांतही ते बसत नाही.

अशा स्थिर चित्रणासाठी मिनी ४ प्रो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बऱ्याच देशांत २५० ग्रॅम ही नियमांमधली महत्त्वाची सीमा आहे आणि २४९ ग्रॅमचा ड्रोन तिच्या आत राहतो. पण कॅमेरा असल्यामुळे काही ठिकाणी एवढ्या हलक्या ड्रोनलाही नोंदणी लागते, आणि संघाच्या कामासाठी केलेले उड्डाण हौशी उड्डाण धरले जाईलच असे नाही, म्हणून आपल्याकडचा नियम खरेदीपूर्वीच वाचावा. या ड्रोनसाठी मिळणारी मोठी बॅटरी बसवली की वजन २५० ग्रॅमच्या वर जाते, हेही ध्यानात असू द्या. उड्डाणाची वेळ अधिक लांबावी म्हणून ती घ्यायची आणि कमी वजनामुळे नियमांत मिळणारी सवलत सोडून द्यायची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

बॅटरीबद्दल आणखी एक गोष्ट. नेहमीच्या बॅटरीवर सांगितलेली ३४ मिनिटे ही वारा नसताना, बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंतची असतात. परतीसाठी पाव हिस्सा राखून ठेवला तर हाती २५ मिनिटे उरतात आणि वारा असेल तर त्याहूनही कमी. दीड तासाचा सलग सराव टिपायचा म्हटले तर चार बॅटऱ्या लागतील. पण दीड तास सलग चित्रण बसून पाहणार कोण? सरावाच्या आराखड्यातच वरून पाहण्यासारखे दोन-तीन भाग आधी ठरवावेत, उदाहरणार्थ प्रेसिंगचा (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर दबाव आणण्याचा) सराव, कॉर्नरची मांडणी आणि शेवटचा अकरा-अकराचा सामना. मग तीन बॅटऱ्यांत काम निवांत होते.

उत्तर : खांबवाला

ड्रोनला माझा विरोध नाही, पण खरेदीपूर्वी एका साध्या पर्यायाचा विचार व्हावा. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा सात-आठ मीटर उंचीचा खांब, त्याच्या टोकाला लहान कॅमेरा आणि खाली फोनवर दिसणारे चित्र, एवढ्यावर अनेक संघांचे काम चालते. एवढ्या उंचीवरूनही एका खेळाडूमागे दुसरा झाकला जाण्याचा त्रास बराच कमी होतो. खांबाला उड्डाणाचे नियम लागू होत नाहीत, तो दर पंचवीस मिनिटांनी खाली उतरवावा लागत नाही, रिमझिम पावसात कॅमेऱ्यावर आवरण घालून काम चालू ठेवता येते, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी एक माणूस पूर्ण वेळ अडकून पडत नाही. ड्रोन हवेत असताना उडवणाऱ्याचे लक्ष ड्रोनवरच असले पाहिजे, म्हणजे तुमच्यातला एक सहप्रशिक्षक तेवढा वेळ प्रशिक्षक राहत नाही. दोरांचे ताण नीट दिलेले नसतील तर वाऱ्यात खांब डोलतो, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. मैदानाची पलीकडची बाजू खांबावरून चपटी दिसते, हेही खरे.

उत्तर : लांबनजर

वरच्या पहिल्या उत्तरातले गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला अपुरा वाटतो. प्रश्नकर्त्यांचा सराव दीड तास अकरा-अकराचाच चालत असेल असे नाही. बहुतेक सराव लहान चौकटींत होतो: चार विरुद्ध चार, पाच विरुद्ध दोन, एका बाजूचा हल्ला. तिथे रचना आणि तंत्र दोन्ही पाहायचे असते, आणि तिथेच २४ मिलिमीटरची लेन्स तोकडी पडते. तपशील दिसावा म्हणून ड्रोन जवळ न्यावा लागतो. तो जवळ नेला की खेळाडूंच्या डोक्यावर येतो, आवाजाने त्यांचे लक्ष जाते, प्रशिक्षकाला ओरडून बोलावे लागते, आणि चेंडू उंच उडाला की उडवणाऱ्याचा जीव वरखाली होतो.

एअर ३ आणि एअर ३एस या दोन्हींत दुसरा कॅमेरा ७० मिलिमीटरच्या समतुल्य, म्हणजे लांबचे जवळ दाखवणारा आहे. त्यातून ६० मीटर अंतरावरून सुमारे ३१ मीटर रुंदीची जागा दिसते, म्हणजे एका मीटरला १२० हून अधिक पिक्सेल मिळतात. ड्रोन बाजूच्या रेषेच्या बराच बाहेर, २० मीटर उंचीवर उभा ठेवून लहान चौकटीतल्या प्रत्येक खेळाडूची पावले मोजता येतात आणि कोणाच्याही डोक्यावर काही फिरत नाही. मिनीत डिजिटल झूम आहे, पण तो चित्र फुगवतो. त्यातून तपशील वाढत नाही. वजन ७२० ग्रॅमच्या घरात असल्यामुळे नियमांचा भार वाढतो, हे मान्य आहे. त्या बदल्यात वाऱ्यात स्थिरता अधिक मिळते (कंपनीने दिलेली मर्यादा मिनी ४ प्रोसाठी सेकंदाला १०.७ मीटर, तर एअर ३साठी १२ मीटर आहे) आणि उड्डाणाची सांगितलेली वेळ ४५ मिनिटांच्या आसपास जाते. जमिनीवर झुळूक वाटणारा वारा ३० मीटरवर चांगला जोर धरतो, आणि हलका ड्रोन जागेवर टिकून राहण्यासाठी बॅटरी भराभर खर्च करतो.

मैदानाभोवती मोकळी जागा कितपत आहे, यावरच माझ्या मते निर्णय व्हावा. जागा असेल आणि परवानगीची कामे करायची तयारी असेल, तर दोन लेन्सचा ड्रोन घ्या. मॅविक ३ प्रोमध्ये १६६ मिलिमीटरची तिसरी लेन्सही आहे, पण सरावासाठी तो खटाटोप अनाठायी आहे.

सहप्रशिक्षक_८

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे एका गोलमागे झाडी आहे, पण बाजूच्या रेषेपलीकडे मोकळे मैदान आहे. त्यामुळे ‘लांबनजर’ यांचे म्हणणे आमच्या जागेला लागू पडते असे दिसते. दिव्यांखालचे चित्रण आणि आपोआप पाठलाग हे दोन मुद्दे मात्र राहिले. शिवाय मैदानाच्या चार कोपऱ्यांना दिव्यांचे उंच खांब आहेत, त्यांची थोडी धास्ती वाटते.

उत्तर : शटर_पन्नास

पाठलागाचे आधी सांगतो, कारण ते लवकर आटोपते: सांघिक खेळात ती सोय वापरू नका. एकटा धावपटू किंवा सायकलस्वार असेल तर ती उत्तम चालते. पण सारख्या पोशाखातले दहाजण एकमेकांना ओलांडून जाऊ लागले की ड्रोन भलत्याच खेळाडूमागे जाण्याची शक्यता असते, आणि आपल्याला जे पाहायचे असते ते बहुतेक वेळा चेंडूपासून दूर घडत असते. स्थिर चौकटीत खेळाडू हलतात आणि मैदान हलत नाही, म्हणूनच अंतरे डोळ्यांना कळतात. कॅमेरा फिरत राहिला तर चित्र देखणे होते, पण शिकवायला निरुपयोगी.

दिव्यांखाली चित्रण करताना शटरचा वेग, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा किती भाग उजेड आत घ्यायचा ते, स्वतः ठरवावा. जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून सेकंदाला २५ किंवा ५० चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. ६० हर्ट्झच्या ठिकाणी ३० किंवा ६० चौकटी आणि १/६० किंवा १/१२०. शटर स्वयंचलित ठेवले तर चित्रात लुकलुक किंवा सरकते पट्टे येतात, आणि ते नंतर काढणे जिकिरीचे असते. उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून थोडे दाणेदार चित्र पत्करावे, पण शटर आणखी मंद करू नये, नाहीतर धावणाऱ्या खेळाडूंचे पाय पुसट होतात. त्याच कारणाने दिवसा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) लावण्याची घाई करू नका. शटर मंद करून हालचाल मुलायम दाखवणे हा चित्रपटाचा हेतू असतो. आपल्याला व्हिडिओ थांबवून पाहिल्यावर पाय स्पष्ट दिसायला हवा, तेव्हा भर उन्हात १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर आपल्या कामाचेच आहे.

मेमरी कार्ड व्ही३० दर्जाचे, म्हणजे व्हिडिओ पुरेशा वेगाने साठवू शकणारे घ्यावे. सेकंदाला १५० मेगाबिट या दराने वीस मिनिटांत साडेबावीस गिगाबाइट भरतात, त्यामुळे १२८ गिगाबाइटचे कार्ड एका सरावाला पुरते. ड्रोन आवाज टिपत नाही. प्रशिक्षकाच्या सूचना हव्या असतील तर शर्टाला लहान माइक लावून वेगळे ध्वनिमुद्रण करावे आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर हात उंच धरून एक टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही जुळवता येतात.

आता खांबांचे. अडथळे ओळखणारे कॅमेरे पुरेशा उजेडाविना काम करत नाहीत, आणि बारीक तारा किंवा गोलची जाळी त्यांना दिवसाही भरवशाने दिसत नाही. एअर ३एसला पुढच्या बाजूने लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे अंधारात पुढे जाताना त्याला अडथळा कळतो. मागे आणि बाजूला सरकताना मात्र तेवढा आधार नसतो. दिवे लागल्यानंतर म्हणूनच ड्रोन एका जागी उभा ठेवावा, इकडेतिकडे फिरवू नये. आणि पहिल्या उड्डाणापूर्वीच ‘घरी परत ये’ या सोयीची उंची तपासावी: बॅटरी खालावली किंवा संपर्क तुटला की ड्रोन आधी त्या उंचीवर चढतो आणि मग सरळ रेषेत परत येतो. ती उंची सर्वांत उंच खांबापेक्षा दहा-पंधरा मीटर अधिक ठेवावी आणि उड्डाणाची जागा अशी निवडावी की परतीच्या रेषेत खांब येणारच नाही. कृत्रिम गवताच्या मैदानावर उड्डाणासाठी चटई अंथरावी, कारण तिथले रबराचे बारीक दाणे पंख्यांच्या वाऱ्याने उडून मोटरमध्ये आणि गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेत) जाऊ शकतात.

उत्तर : उंचावरून

बाजूला मोकळे मैदान आहे म्हटल्यावर मीही दोन लेन्सच्याच बाजूने मत देतो. खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची लेखी संमती पहिल्या उड्डाणाआधी घ्यावी आणि व्हिडिओ कोण पाहणार, किती काळ ठेवणार, हे त्यातच नमूद करावे. सुरुवातीचे काही दिवस मैदान रिकामे असताना नुसते जागेवर उभे ठेवण्याचा, चौकट पक्की करण्याचा आणि आपोआप न उतरवता स्वतः नियंत्रण करून उतरवण्याचा सराव करा. खेळाडूंसमोर उडवणे त्यानंतर.