सत्तेचाळिसाव्या वर्षी अरबी शिकू, की भाषांतरावर भागवू?

खेडची_बडोद्यात

माहेर खेडचं, लग्नानंतर २३ वर्षं बडोद्यात, तांदळज्याला. घरात कोकणी-मराठी, बाजारात गुजराती, मशिदीतलं बयान उर्दूत. कुरआन वाचता येतं. आठव्या वर्षी उस्तानींकडे कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) संपवला, अकराव्या वर्षी तिसावा, म्हणजे शेवटचा पारा (भाग) पुरा झाला तेव्हा अम्मीने आळीभर शिरणी वाटली होती. जेर-जबर (स्वरांच्या खुणा), कुठे थांबायचं, कुठे स्वर लांबवायचा, सगळं येतं. अर्थ येत नाही.

गेल्या पावसाळ्यात अम्मी गेली. शेवटच्या रात्री तिच्या उशाशी मी कुरआनातली यासीन ही सूरह (अध्याय) वाचत होते. ८३ आयती (वचनं), संपल्या की पुन्हा पहिल्यापासून, पहाटेपर्यंत. माझी नववीतली मुलगी शेजारी बसून ऐकत होती. बडोद्याला परतताना गाडीत तिने विचारलं, "मम्मी, तू नानीला काय सांगत होतीस?" मला एका वाक्याचंही उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर मराठी भाषांतर आणलं. वाचलं की समजतं. पण तोंडात बसलेली आयत आणि कागदावरचं मराठी वाक्य यांची एकमेकांशी ओळखच पटत नाही. कुठला शब्द कुठून आला ते कळत नाही. शिलाईचं काम करते, फजरच्या (पहाटेच्या) नमाजानंतर पाऊण तास माझा असतो. या वयात अरबी शिकायला घेऊ का? की दोन-तीन भाषांतरं नीट वाचली तर पुरे?

राजवाडा_इंदूर

ताई, अम्मींना अल्लाह जन्नत देवो.

मी ९ वर्षं कुवेतला होतो. बाजारात "शलोनक" (कसा आहेस) म्हणत फिरायचो, भावही करायचो, पण कुरआन उघडलं की ती बोली काही कामाला येत नव्हती. इंदूरला परतल्यावर दोन वर्षं व्याकरण केलं. एकेका क्रियापदाची चौदा-चौदा रूपं घोकली आणि फातिहाच्या, म्हणजे पहिल्याच सूरहच्या, पुढे सरकलो नाही. वाचताना सगळं लक्ष रूप ओळखण्यातच जायचं.

अरबांनाही तफसीर (अर्थाचं विवरण) लागतेच. तुमची यासीनच घ्या. 'या' आणि 'सीन' ही दोन सुटी अक्षरं आहेत. २९ सूरहांच्या सुरुवातीला अशी अक्षरं येतात आणि त्यांचा खरा अर्थ अल्लाहच जाणे, असं कितीतरी मोठे आलिम म्हणत आले. तेव्हा चांगलं भाषांतर घ्या, जोडीला तफसीर. मुलीने आत्ता विचारलंय, तिला पाच वर्षं थांबवणार का?

दांडियाबाजार

इंदूरकरांचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष मला पटला नाही.

मी मुसलमान नाही. २८ वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, निवृत्तीनंतर तीन वर्षं एका मौलवींकडे अरबी शिकलो. ओढ लागली ती विनोबांमुळे. त्यांचं शिक्षण आपल्या बडोद्यातलं. १९१६ साली परीक्षेसाठी म्हणून इथूनच मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. पुढे कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकले, आणि मग त्यातून 'कुराणसार' निवडलं.

भाषांतरात काय निसटतं त्याचं एकच उदाहरण देतो. सूरह रहमानमध्ये एक ओळ ३१ वेळा येते: फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान. मराठीत होतं, "तुम्ही आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?" मुळात हे 'तुम्ही' द्विवचनी आहे, तुम्ही दोघे. माणूस आणि जिन्न, दोघांना मिळून विचारलेलं. संस्कृतात 'युवाम्' म्हणता आलं असतं. मराठीला द्विवचनच उरलं नाही, भाषांतरकार बिचारा काय करणार?

पण ताई, तुम्ही कोऱ्या पाटीने सुरुवात करत नाही. अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूवर उभा असतो. काफ-वाव-मीम घ्या. फातिहातला 'मुस्तकीम' त्यातलाच. पत्रावर आपण लिहितो तो 'मुक्काम', 'कायम', 'किंमत' हेही त्याच घरचे. फातिहातल्याच 'मालिकि यौमिद्दीन' मधला मालिक आपल्या घरमालकात आहे. हिशोब, हुकूम, हक्क, जबाब, सगळे कुराणात भेटतील. फक्त जपून, काहींचे अर्थ सरकलेत. तिथला 'वकील' म्हणजे ज्याच्यावर सगळं सोपवून निर्धास्त व्हावं तो.

तेव्हा सगळी अरबी शिकायचं ओझं घेऊ नका. जी सूरह पाठ आहे तीच घ्या. वही आडवी धरा. वर आयत, प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली त्याचा अर्थ, त्याखाली भाषांतर. दिवसाला एक आयत. यासीनला ८३ दिवस. व्याकरण अडेल तेवढंच विचारा.

लष्कर_ग्वाल्हेर

काकांच्या वहीला माझी एक भर. भाषांतरं दोन ठेवा, आणि जिथे ती जुळत नाहीत तिथेच थांबा. फातिहातल्या त्या 'मालिक' शब्दाला एकीकडे 'मालक' दिसेल, दुसरीकडे 'राजा'. तिथे मालिक आणि मलिक असे दोन पाठ आहेत, दोन्ही परंपरेने आलेले, दोन्ही मान्य. हे कळलं तेव्हा मी ती आयत नमाजात थांबून म्हणायला लागलो.

खेडची_बडोद्यात

उशिरा लिहिते आहे, कारण वही सुरू केली होती. पाऊण तासात एक आयत होते, कधी दोन दिवस लागतात. भाषांतर, तफसीर दोन्ही जवळ असतं, इंदूरच्या भाऊंचंही ऐकलंय.

आज ५८वी झाली. सलामुन कौलन मिर्रब्बिर्रहीम. भाषांतरावर हात ठेवून आधी स्वतः बघितलं. सलाम येतं. रब येतं. रहीम येतं. मधला शब्द कौल. आमच्या खेडकडे देवीला कौल लावतात, जुन्या कागदांत कौलनामे असायचे. कौल म्हणजे दिलेला शब्द, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मग हात काढला. जन्नतमधल्या लोकांना रहीम रबाकडून मिळालेला शब्द: सलाम.

त्या रात्री अम्मीच्या उशाशी मी हे म्हणत होते. मुलगी शाळेतून साडेपाचला येते. वही शिलाई मशीनवर उघडीच ठेवली आहे.