वय म्हणजे नुसता आकडा? मग आम्ही विकायचं काय?

टीस्क्वेअर (धागाकर्ता)

काल इथे कुणीतरी 'साठीनंतर घरबसल्या ऑनलाइन कमाई' असा लेख डकवला होता. सारांश एवढाच: वय हा फक्त आकडा आहे, लॅपटॉप उघडा, आवडीचा विषय निवडा, वेबसाइट काढा, मग तुम्ही झोपलात तरी पैसे येत राहतील. खाली टाळ्यांचा पाऊस. मी तिथेच दोन ओळी खरडायला घेतल्या, त्या वाढत गेल्या म्हणून वेगळा धागा.

माझं वय एकोणसाठ. आयुष्यभर आधी ड्रॉइंग बोर्डावर आणि मग संगणकावर, कॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर, रेघा मारल्या. तीन वर्षांपूर्वी नोकरी संपली तेव्हापासून लाकडी फर्निचरचे प्लॅन आणि साचे पीडीएफ करून विकतो. झोपेत आजवर एकच गोष्ट आली, ती म्हणजे रात्री अडीचला एका गिऱ्हाइकाची तक्रार. साचा छापून, लाकडावर चिकटवून, बरहुकूम कापलं, तरी सांधा बसत नाही म्हणे. तीन दिवस मी माझंच ड्रॉइंग तपासत बसलो. शेवटी त्याला म्हटलं, कागदावरची १०० मिलिमीटर लिहिलेली रेघ पट्टीने मोजा. ती भरली ९४. प्रिंटरमध्ये 'फिट टू पेज' निवडलेलं आणि कागद लेटर साइजचा. माझं पान ए४, उंची २९७. लेटरची २७९. प्रिंटरने बिचाऱ्याने सगळं आवळून बसवलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा चौकोन असतो. आधी तो मोजा, ५० भरला तरच करवत उचला. हे मला सुचलं कारण स्केल चुकल्याबद्दल मी तीस वर्षं साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. वय नुसता आकडा असतं तर माझ्याकडे विकायला काही उरलंच नसतं.

कमाई म्हणाल तर जुन्या पगाराचा आठवा हिस्सा, तोही तिसऱ्या वर्षी. आणि हो, सगळं स्वतः शिकून केलं. पोराबाळांच्या मिनतवाऱ्या केल्या नाहीत.

कीबोर्डकुटे

काका, चौकोनाची गोष्ट आवडली. पण तुम्ही अपवाद आहात. मी दहा वर्षं डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. 'साइटवर कुणी येत नाही हो' म्हणत साठीतले लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांनी तीन महिने लोगोचा रंग ठरवण्यात घालवलेले असतात. गिऱ्हाईक कोण, ते कुठून येणार, याचा पत्ता नाही. चूक दाखवली की 'आमच्या काळी' सुरू.

शिवाय ही जमीनच सरकती आहे. शोधात कुठली साइट वर दाखवायची ते ठरवणारं 'हेल्पफुल कंटेंट' अपडेट गुगलने ऑगस्ट २०२२ मध्ये आणलं, मार्च २०२४ मध्ये ते मुख्य अल्गोरिदममध्येच मिसळून टाकलं. इमानेइतबारे लिहिणाऱ्या कितीतरी छोट्या साइट त्या काळात बसल्या. हाताने केलेल्या वस्तू आणि नमुने विकायचा ऑनलाइन बाजार असलेल्या एट्सीने एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरचं कमिशन ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं. विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून पाहिली, कमिशन तसंच राहिलं. तिशीतला माणूस तीनदा आपटून चौथ्यांदा उभा राहील. साठीतल्याने फंडाचे पैसे घातले तर त्याला दुसरी खेळी नाही. हे बोललं की आम्ही वाईट.

टीस्क्वेअर

काका कुणाला म्हणता? तुमची माझी ओळख नाही. बाकी मुद्द्यांवर बोला. फंडातला छदामही घातलेला नाही, जुनाच संगणक आणि जुनीच पट्टी. लोगो तर अजूनही नाही.

मी_पुन्हा_सांगते

@कीबोर्डकुटे, 'तिशीतला माणूस उभा राहील' हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. अझुले, जोन्स, किम आणि मिरांडा यांचा २०२० सालचा निबंध शोधा. अमेरिकेत २००७ ते २०१४ मध्ये कंपन्या काढणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांची माहिती तपासली त्यांनी. सगळ्यांत वेगाने वाढलेल्या, हजारात एखादी असते अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय ४५. पन्नाशीतल्याला तिथवर पोचण्याची शक्यता तिशीतल्याच्या १.८ पट. त्याच धंद्यातला आधीचा अनुभव असेल तर आणखी बरं. म्हणजे कंपनी काढणारा तुमचा हुडी घातलेला पोरगा हा सिनेमातला आहे. मी हे आधीही दोन धाग्यांवर लिहिलं आहे, कुणी वाचत नाही.

अर्धविराम

वाचलं होतं हो, तेव्हाही. आता माझंही वाचा. तो अभ्यास निदान एक तरी नोकर ठेवणाऱ्या कंपन्यांचा आहे. एकटा माणूस पीडीएफ विकतो तो त्यात येतच नाही. आणि हजारातल्या एकाचं सरासरी वय ४५ आहे यावरून उरलेल्या ९९९ जणांचं काय झालं ते कळत नाही. त्यांतला एक मी. शिवाय पंचेचाळीस म्हणजे साठ नव्हे. पंचेचाळिशीत मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होतो.

शून्यमनस्क

फाल्गुनी नायर यांचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी नायका ही कंपनी त्यांनी २०१२ मध्ये काढली, पन्नाशीला काही महिने बाकी असताना. २०२१ मध्ये शेअर बाजारात. तोही ऑनलाइन धंदाच. विषय संपला.

अर्धविराम

संपला कसा? त्या त्याआधी इन्व्हेस्टमेंट बँकेच्या मॅनेजिंग डायरेक्टर होत्या. दुसऱ्यांच्या कंपन्या शेअर बाजारात कशा न्यायच्या हेच काम करत होत्या. तुम्ही आयुष्यभर आवक-जावक रजिस्टर भरलं असेल तर त्या उदाहरणाने छाती फुगवण्यात अर्थ नाही.

शून्यमनस्क

आवक-जावक भरणाऱ्यांबद्दल एवढा तुच्छभाव? माझ्या वडिलांनी तेच केलं.

अर्धविराम

मीही तेच केलं, साहेब. म्हणून तर बोलतोय.

वाट_चुकलेली

मी सहसा इथे लिहीत नाही. आज लिहिते, कारण त्या लेखाखाली टाळ्या वाजवणाऱ्यांत चार वर्षांपूर्वीची मी दिसले.

मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. वेबिनार फुकट होता. बोलणारा मुलगा गोड, सारखा 'ताई ताई' करत होता. दीड तासाने कोर्स आला आणि पडद्यावर उलटं पळणारं घड्याळ: ही सवलत पुढची पंधरा मिनिटंच. माझे हात थरथरत होते हो खरंच. आठ महिन्यांचं पेन्शन एका क्लिकमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी सहज तेच पान पुन्हा उघडलं, तर घड्याळ परत पंधरापासून सुरू. रिफ्रेश केलं, परत पंधरा. पैसे परत मागितले तर म्हणाले, पहिला व्हिडिओ पाहिला की परतावा नाही. आणि त्या कोर्समध्ये शिकवलं काय, तर असाच कोर्स कसा विकायचा!

मग ते सोडून माझंच काम विकायला काढलं, भरतकामाचे नमुने. ते चाललं, हे मुद्दाम सांगते. महिन्याला दहा-बारा नमुने जायचे. साइट भाच्याने करून दिली होती. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याच्या मेलवर; होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, त्याच्या कार्डावर. त्याने नोकरी बदलली, मेल बंद झाला, डोमेनची मुदत संपलेली कुणाला कळलीच नाही. आज त्या पत्त्यावर जुगाराची साइट आहे. माझ्या नावाची. जुन्या मैत्रिणी लिंक उघडून मला फोन करतात.

कीबोर्डकुटे

हे वाईट झालं. आणि हे दर महिन्याला बघतो मी. मुदत संपायच्या सुमारे महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी आठवणीचे मेल पाठवायचं बंधन रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीवर, असतं, पण ते मेल जातात नोंदलेल्या पत्त्यावर. तो पत्ता मेलेला असला की झालं. डॉट कॉमसारख्या नावांना मुदतीनंतर नेहमीच्या दराने सोडवायला थोडे दिवस मिळतात, तेही रजिस्ट्रारच्या मर्जीवर. मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि नंतर जो पहिला झडप घालेल त्याचं. त्यावर टपून बसलेले लोक असतात, कारण जुन्या नावाला इतर साइटवरून लिंक असतात. भाच्याला साधी गोष्ट कळू नये?

मी_असा_भाचा_आहे

झालं. भाच्याला बोला.

मी तीन नातेवाइकांच्या साइट सांभाळतो. फुकट. रात्री अकराला फोन: 'अरे, तो निळा चौकोन गेला.' कुठला? 'तो रे, नेहमीचा.' पासवर्ड विचारला की 'तूच ठेव बाबा, आम्हाला काय कळतंय.' ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, तो आणेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. हौसेने डोमेन माझ्या नावावर घेतलं नव्हतं, तेव्हा फॉर्म भरताना काकू 'मी आलेच' म्हणून उठून गेल्या त्या गेल्याच. आणि चार वर्षांनी मी चोर?

वाट_चुकलेली

चोर कुणीच म्हटलं नाही. पण मी त्याला तीनदा म्हटलं होतं, मला एकदा बसून दाखव. तीनही वेळा 'मावशी, तू कशाला त्रास घेतेस' म्हणत त्याने माउस स्वतःच्या हातात घेतला. बघत बघत शिकता येत नाही हो. त्याच्या बोटांचा वेग बघूनच मला घाम फुटायचा.

मी_असा_भाचा_आहे

दाखवायला एक तास लागतो, करायला पाच मिनिटं. माझा तास कुणी मोजलाय?

टीस्क्वेअर

तुम्हाला सायकल शिकवताना कुणी तास मोजले होते का? दांडी धरून मागे पळणारा कोण होता?

मी_असा_भाचा_आहे

आला, सायकलीचा हिशोब आला. आमच्या घरीही हाच निघतो. तुम्ही सगळे एका साच्यातले, ५० मिलिमीटरच्या.

शून्यमनस्क

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). ५० मिलिमीटर!

टीस्क्वेअर

हसा. ज्याला धंदा करायचा त्याने चाव्या स्वतःकडे ठेवाव्यात. मला एकोणसाठाव्या वर्षी जमतं तर कुणालाही जमेल. दुसऱ्याच्या पोरावर टाकून नंतर रडण्याला मी तरी धंदा म्हणत नाही.

वाट_चुकलेली

हे माझ्यासाठी होतं का? तीस वर्षं संगणकासमोर बसून पगार घेतलात तुम्ही. मी पहिल्यांदा माउस धरला तो सत्तावन्नाव्या वर्षी. आपली शर्यत एकाच रेघेवरून सुरू झाली असं समजू नका.

मी_पुन्हा_सांगते

हेच तर! त्या निबंधातही धंद्यातला आधीचा अनुभव म्हटलंय...

अर्धविराम

ताई, निबंध आता राहू द्या.

व्यवस्थापन

वैयक्तिक शेरेबाजी थांबवा. काका, काकू, भाचा हे शब्दही जपून वापरा. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

टीस्क्वेअर

@वाट_चुकलेली, तुमच्याबद्दल बोललो ते चुकलं. कॅडमुळे माझं निम्मं काम आधीच झालेलं होतं, हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मग लेख एवढा ऐटबाज झाला नसता.

कीबोर्डकुटे

मीही थोडं मागे घेतो. 'साठीतल्यांना जमत नाही' ऐवजी 'लोगोवाल्यांना जमत नाही' असं वाचावं. लोगोवाले तिशीतही असतात, फक्त ते पैसे बुडाल्यावर त्याला अनुभव म्हणतात. फंडाला हात लावू नका हे मात्र मागे घेणार नाही. आणि आता कामाचं: डोमेन रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉगिन करा. 'रजिस्ट्रंट'च्या, म्हणजे नोंदलेल्या मालकाच्या, पुढे कुणाचं नाव आणि कुठला मेल आहे ते पाहा. बाहेरून शोधून उपयोग नाही, मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा आल्यापासून ही नावं बहुधा झाकलेली असतात. नाव बदलल्यावर ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही असंही होतं, तेव्हा मुदत तोंडावर यायची वाट पाहू नका. @वाट_चुकलेली, नवं नाव घेऊन पुन्हा सुरू करणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे नकोत. माउस तुमच्याच हातात राहील.

वाट_चुकलेली

बघते. घड्याळ लावलेलं नाही ना?

कीबोर्डकुटे

पंधरा मिनिटंच बाकी, ताई.

मी_असा_भाचा_आहे

मी आत्ता तीन घरांना मेसेज टाकला की रविवारी वही घेऊन बसा. एका घरातून उत्तर आलं, 'रविवारी नको, पाहुणे आहेत.' नोंद असावी.

अर्धविराम

धागाकर्ते गप्प का? त्यांनी बघितलं का स्वतःचं?

टीस्क्वेअर

बघितलं. लॉगिन झालं नाही. पासवर्ड विसरलो म्हणून रिसेट मागितला, तर 'मेल पाठवला आहे' असं आलं, आणि पत्ता अर्धा झाकलेला. पुढची दोन अक्षरं दिसतात. ती माझी नाहीत, चिरंजीवांच्या कॉलेजातल्या मेलची आहेत. आत्ता आठवलं, पहिल्या दिवशी माझं कार्ड चालत नव्हतं तेव्हा 'बाबा, सरका जरा' म्हणून त्यानेच खुर्ची घेतली होती. तीन वर्षांचे एकदम भरले होते. पावती शोधली, मुदत एकोणीस दिवसांनी संपते. म्हणजे पहिली आठवण त्या मेलवर जाऊन पडलीसुद्धा असेल.

तो आहे त्या देशात आत्ता पहाटेचे चार वाजलेत. जागाच बसलोय.

मी_असा_भाचा_आहे

उठवा त्याला. आम्हाला सवय असते.