मदत हवी आहे: अमृताचे थेंब आणि गुरूची गती

नमस्कार. पंचवटीतील आमच्या सोसायटीत मी दर रविवारी मुलांना पुराणकथा सांगतो. सिंहस्थाच्या निमित्ताने समुद्रमंथन सांगितले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "आजोबा, अमृताचे थेंब गोदावरीत खरेच पडले होते का?" गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे ११.८६ वर्षे लागतात, म्हणून तो साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत येतो, एवढे मी समजावले. थेंबांपाशी मात्र अडलो. 'ते रूपक आहे' असे म्हणून मोकळे होणे मला पळवाट वाटते, कारण रूपक कशाचे, हे मलाच सांगता येत नाही.

शंभर श्रुतींनी (वेदवाक्यांनी) अग्नी थंड आहे असे सांगितले तरी ते प्रमाण ठरत नाही, असे शंकराचार्य गीताभाष्यात (१८.६६) म्हणतात. प्रत्यक्षाशी विसंगत वाक्य गौण, म्हणजे लाक्षणिक अर्थाने घ्यावे; त्याला मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचे जाणकार, 'गुणवाद' म्हणतात. हा नियम वेदांतील अर्थवादासाठी, म्हणजे स्तुती किंवा निंदा करणाऱ्या वाक्यांसाठी आहे. तो पुराणकथांनाही लावणे शास्त्राला धरून होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मुलांना झेपेल असे एखादे मराठी पुस्तक सुचवल्यास फार बरे होईल. येत्या रविवारी ती पुन्हा विचारणारच आहे.