रिपमध्ये मंद लिंक मागे ठेवायची तर ऑफसेट लावा, फिल्टर नको

हॉपमोजणी:
एका साइटला दोन लिंक, एक वेगवान, एक मंद, दोन्हीवर रिप आवृत्ती २ (राऊटर एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, कळवतात तो प्रोटोकॉल). रिपला बँडविड्थ कळत नाही, तो नुसते हॉप, म्हणजे वाटेतले राऊटर, मोजतो. हॉप सारखे असले की ट्रॅफिक दोन्हीकडे वाटला जातो. अशा वेळी मंद लिंकवर सरसकट 'डिस्ट्रिब्यूट-लिस्ट इन' (येणारे रूट अडवणारा फिल्टर) लावतात, ते माझ्या मते चूक आहे. वेगवान लिंक पडली तरी फिल्टर जागेवरच असतो, म्हणजे बॅकअप असून नसल्यासारखा. त्याऐवजी मंद इंटरफेसवर 'ऑफसेट-लिस्ट १० इन ३' द्या (१० म्हणजे कोणते रूट ते सांगणारी ॲक्सेस-लिस्ट, ३ म्हणजे मेट्रिकमध्ये, अर्थात हॉपच्या आकड्यात, घालायची भर). २ मेट्रिकचा रूट ५ चा होतो आणि गरज पडेपर्यंत मागे थांबतो. समोरच्या टोकालाही हेच करा. नाहीतर ट्रॅफिक जातो एका लिंकने, येतो दुसरीने, आणि मध्ये फायरवॉल असेल तर सेशन तुटतात.

चाळणी:
पटलं नाही. वाढवलेला आकडा त्या राऊटरपुरता राहत नाही, पुढच्या प्रत्येकाला तोच जाहीर होतो. मर्यादा १५ ची, १६ म्हणजे रूट मेला. १२ ने आलेल्या रूटला ४ जोडा, बॅकअप संपला, आणि हे कळणार मुख्य लिंक पडल्यावर! शिवाय जे सबनेट यायलाच नको, त्याला ऑफसेट काय करणार? तिथे प्रीफिक्स-लिस्टच (पत्त्यांच्या गटांनुसार रूट गाळणारी यादी) हवी: आधी 'डिनाय १०.२०.०.०/१६ एलई ३२', मग 'परमिट ०.०.०.०/० एलई ३२' ('एलई ३२' म्हणजे /३२ पर्यंतचे आतले लहान गटही). दुसऱ्या ओळीतलं 'एलई ३२' राहिलं तर फक्त डीफॉल्ट रूट आत येतो, बाकी सगळं शेवटच्या न दिसणाऱ्या डिनायवर अडतं.

हॉपमोजणी:
नको असलेल्या सबनेटला फिल्टर, मान्य. पण लावल्यावर धीर धरा. आधी शिकलेला रूट लगेच जात नाही: १८० सेकंदांनी अवैध ठरतो, २४० ला टेबलातून निघतो. तेवढ्यात 'चालत नाही' म्हणून लोक दुसरी लिस्ट चढवतात. 'शो आयपी रूट'मध्ये रूटपुढचं घड्याळ बघा. अपडेट दर ३० सेकंदांनी येतं, त्यामुळे आकडा ००:००:३० च्या आसपास शून्यावर न येता चढतच राहिला, तर फिल्टर लागला आहे.

सीमाराऊटर:
दोघंही एकट्या रिपचं बोलताय. खरा घोळ दोन राऊटरवर रिप आणि ओएसपीएफ (दुसरा रूटिंग प्रोटोकॉल) यांचं दुतर्फा रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एकाचे रूट दुसऱ्यात देणं, असतं तिथे होतो. रिपचाच रूट ओएसपीएफमधून फिरून दुसऱ्या राऊटरवर येतो आणि डिस्टन्स (प्रोटोकॉलवरचा भरवसा, कमी आकडा वरचढ) ओएसपीएफचं ११० विरुद्ध रिपचं १२० असल्याने जिंकतो. मेट्रिकची तुलना तिथवर पोचतच नाही, म्हणजे ऑफसेट निरुपयोगी. रिपमधून ओएसपीएफमध्ये देताना टॅग (ओळखीचा आकडा) लावा, उलट दिशेच्या रूट-मॅपमध्ये (रूट देतानाच्या नियमांत) तो टॅग डिनाय करा. त्याने लूप थांबतो, लांबची वाट मात्र सुटत नाही. त्यासाठी दोन्ही राऊटरवर ओएसपीएफखाली 'डिस्टन्स ओएसपीएफ एक्स्टर्नल १३०' हवंच, म्हणजे ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेला रूट रिपच्या १२० च्या मागे राहतो. आणि रिपमध्ये रूट देताना मेट्रिक लिहा. सिस्कोवर न लिहिल्यास तो अनंत धरला जातो आणि शेजाऱ्याकडे काहीच पोचत नाही.

चाळणी:
टॅगचं मान्य. ऑफसेटला विरोध कायम, निदान ॲक्सेस-लिस्टच्या जागी ० लिहून सगळ्या रूटना सरसकट लावण्याला तरी.

हॉपमोजणी:
० मीही लिहिणार नाही. मंद लिंकवरून येणारा सर्वांत मोठा मेट्रिक बघा, तिथून नेटवर्कच्या टोकापर्यंतचे हॉप त्यात मिळवा, आणि बेरीज १५ च्या आत राहील एवढाच ऑफसेट द्या.