मदत हवी आहे: आईच्या इन्सुलीनची आठवण करून देणारं, मराठी कळणारं काही आहे का?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते. नुसतं "चांगला स्पीकर सुचवा" म्हटलं तर मला हवं ते उत्तर मिळणार नाही.

आई ७६ वर्षांची. बाबा गेल्यापासून गिरगावात चाळीत एकटी राहते. मी बोरिवलीला, नोकरी फोर्टला. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी चर्नी रोडला उतरून तिच्याकडे जाते. बोरिवलीला चल म्हटलं की "इथे माझं दार दिवसभर उघडं असतं, तुझ्याकडे लॅच लावून बसू का?" असं म्हणते आणि मग मीही विषय सोडते. मधुमेहाला २२ वर्षं झाली, शिवाय बीपी आणि थायरॉईड. डोळ्यांच्या पडद्यावर लेझर झालंय, ग्लुकोमीटरवरचा आकडा उजेडात धरूनही दिसत नाही. तो शेजारच्या काकू वाचून सांगतात. इन्सुलीन मात्र ती स्वतः घेते आणि तेही कानाने. पेनची डायल फिरवली की दर युनिटला 'कट्' वाजतं. आई मोठ्याने मोजते. सकाळी अठरा, संध्याकाळी बारा. मी शेजारी उभी राहून कितीतरी वेळा पाहिलंय, एकदाही चुकलेली नाही.

जिचं सगळं कानावर चालतं तिला बोलणारं यंत्र उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून गेल्या दिवाळीत स्मार्ट स्पीकर आणला. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) उपयोग झालाही. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेऊन चहा अर्ध्या तासाने, हे तिला वर्षानुवर्षं जमत नव्हतं, कारण उठल्या उठल्या हात चहाच्या पातेल्याकडे जायचा. आता सहाला गोळीची आठवण होते, साडेसहाला चहाची. तीन महिन्यांनी तपासलं तर टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, आईचा वाढलेला असायचा) बरंच खाली आलं होतं.

पण एकदा हळदीकुंकवाला बायका बसलेल्या असताना स्पीकर मोठ्याने "इन्सुलीन का समय हो गया है" म्हणाला. आई काही बोलली नाही. रात्री फोनवर म्हणाली, "ते बंद कर. माझं दुखणं चारचौघात कशाला सांगायचं?" मला फार वाईट वाटलं, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. मग आम्ही ते वाक्य "दिया लगाने का समय" असं केलं. तिला कळतं, पाहुण्यांना कळत नाही. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी एवढं जरूर करा.

आता मूळ अडचण. मार्चमध्ये एका संध्याकाळी साडेसातला आठवण वाजली, आईने बारा युनिट घेतली आणि गॅलरीत जाऊन बसली. सव्वाआठला पुन्हा वाजली. माझ्या भाच्याने मला न सांगता प्रेमाने एक जादा आठवण लावून ठेवली होती. आईला वाटलं मघाशी राहिलंच वाटतं. पुन्हा बारा. साडेदहाला काकू विरजण मागायला आल्या तर आई घामाने भिजलेली, हात थरथरताहेत, बोलणं तुटक. साखर ५४, म्हणजे फारच कमी. काकूंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तर ७८. मग दूध-पोळी दिली. मी पोचेपर्यंत बारा वाजले. आईच्या प्रीमिक्स (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र मिसळलेलं) इन्सुलीनचा अंमल बराच वेळ राहतो म्हणून रात्रभर दर दोन तासांनी तपासत बसलो. काकूंचं विरजण संपलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बजावलं की घेतली की नाही हे आठवत नसेल तर परत घ्यायचीच नाही, आधी साखर तपासायची आणि फोन करायचा. ते आईने पाठ केलंय. पण यंत्र फक्त आठवण करून देतं. डोस घेतला गेला की नाही हे त्याला कळत नाही, आणि मला इकडे लोकलमध्ये उभं राहून तर नाहीच नाही.

दुसरं भाषेचं. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. साखर तोंडी सांगून नोंदवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली "एकशे एकोणसत्तर", यंत्राने काहीतरी भलतंच लिहिलं. हिंदीत ते उनहत्तर होतं, ते तिच्या तोंडी कुठून यायचं? "पावणेआठला उठव" हेही कळलं नाही. शिवाय कवळी काढलेली असली की तिचं बोलणं यंत्राला निम्मंच समजतं, आणि गणपतीत खाली ढोल सुरू झाले की काहीच नाही.

तर मराठीत चालणारं, डोस घेतल्याचं विचारून मला कळवणारं काही कुणी वापरलंय का? खर्चाचं बघता येईल.

प्रतिसाद: सांजवेळ

ताई, स्पीकरकडून मराठीची अपेक्षा आत्ता ठेवू नका. ॲमेझॉनची अलेक्सा आपल्याकडे इंग्रजी आणि हिंदी बोलते, हिंदीही २०१९ पासून. फोनवरच्या गूगल असिस्टंटला मात्र २०१८ पासून मराठी येतं. पावणेआठ, सव्वाआठ समजतं का ते आईंच्याच आवाजात करून बघा, आपल्या नको. आणखी एक, अँड्रॉइड फोनच्या घड्याळात गजराला स्वतःची ऑडिओ फाइल लावता येते. तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून लावा. इंटरनेट गेलं तरी वाजतो.

प्रतिसाद: दादर_पश्चिम

मी औषधाच्या दुकानात बसतो. गोळ्यांना आठवड्याची डबी चालते, पेनला नाही. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी असं करतात: सकाळी दोन वाट्या मांडायच्या, एकीत सकाळची सुई, दुसरीत संध्याकाळची, टोपणासकट. वाटी रिकामी म्हणजे इन्सुलीन घेतलेलं आहे. दिसायची गरज नाही, बोटाने कळतं. मात्र दर वेळी नवीन सुई वापरायची हे पाळलं तरच उपयोग, आणि वापरलेली सुई परत वाटीत टाकायची नाही, जाड प्लास्टिकच्या बाटलीत. शेवटचा डोस किती वेळापूर्वी घेतला हे दाखवणारी पेनंही असतात, पण आकडा वाचावा लागतो.

प्रतिसाद: मुलुंडकर

साखर यंत्राला सांगूच नका. आमचे अण्णा व्हॉट्सॲपवर मला आवाजी निरोप पाठवतात: "झालं, एकशे चाळीस." मी वहीत लिहितो. एकोणसत्तर तुम्हाला एकोणसत्तरच ऐकू येईल. बोलणारं बीपी मशीन किंवा ग्लुकोमीटर हवं असेल तर वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये चौकशी करून बघा.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादर_पश्चिम, वाट्यांचं काल आईला सांगितलं. तिने लगेच देवघरातल्या दोन वाट्या काढल्या. संध्याकाळची कुठली हे बोटाला कळावं म्हणून तिच्या काठाला दोरा बांधला. स्पीकरवरची इन्सुलीनची आठवण बंद केली, थायरॉईड आणि चहाची ठेवली. फोनमध्ये माझा आवाज लावलाय: "आई, दिवा लाव. आधी दोऱ्याची वाटी चाचपून बघ." डॉक्टरांना दाखवलं, ते हो म्हणाले.

आज सात सदतीसला, लोकल अंधेरीवरून जाताना, तिचा आवाजी निरोप आला. आधी बारा वेळा कट्, मग "झालं गं."

आता एकच राहिलं. आठपर्यंत निरोप आला नाही तर काकूंच्या फोनवर आपोआप रिंग जाईल असं काही करता येतं का? काकूंचा फोन साधा, बटणांचा आहे.